काविळीची माळ आणि बाईचं पोट

आमचं घर काविळीचं. म्हणजे घरात कोणाला कावीळ झाली होती असं नाही. आमच्याकडे ती उतरवून मिळायची. चिखलीहून आमच्या गावाकडे येणाऱ्या जीपवाल्याला नुसतं 'काविळीवाल्याकडे' म्हटलं की तो बरोबर आमच्या दारात सोडायचा. रविवारी तर न सांगताच थांबायचा. आता थांबत नाही. का थांबत नाही, ते गावाला अर्धवट माहीत आहे. उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे, आणि लिहिताना कोणी खांद्यावरून वाचत तर नाही ना म्हणून दोनदा मागे वळून पाहिलं आहे.

विद्या वडिलांची. त्यांना ती त्यांच्या मामाकडून मिळाली होती. एका वेलीच्या मुळ्या आणायच्या, त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, सुताच्या दोऱ्यात एकेक तुकडा गाठीत अडकवून माळ करायची आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी टाळूवर बसणारी माळ दोन-चार दिवसांत कानावरून गळ्यात उतरते आणि पुढे छातीपर्यंत येते. लोक म्हणत, माळ कावीळ ओढून घेते आणि वाढते. माळ घालायच्या आधी हात धुवायचे. आंब्याच्या सालीचा रस तळहातांना चोळायचा, वरून चुन्याची निवळी ओतायची, की खाली परातीत पिवळंजर्द पाणी पडायचं. ते पाणी पाहिलं की शिकलेली माणसंही हात जोडत. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. पैसा घेतला की गुण जातो, असं वडील सांगत.

गाठ सैल मारायची, हेही वडीलच सांगत. मुळी वाळली की आक्रसते, गाठ ढिली पडते आणि दोरा लांबतो. हे मला विशीतच कळलं होतं. एकदा दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी माझेच हात चोळून वर निवळी ओतून पाहिली. पाणी पिवळंच झालं, आणि मला तर काही कावीळ नव्हती. मी परात घासून पालथी घातली आणि कोणाला बोललो नाही. माणसं बरी होतात ना, मग झालं, अशी मनाची समजूत घातली. ती बरी व्हायचीही. खराब पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपली आपण उतरते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारायला गेलो नव्हतो. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

वडील गेल्यावर रविवार माझ्याकडे आला. वडील मवाळ होते, मी नाही. मला माणसांना झापायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? ओट्यावर खुर्ची टाकायची, समोर अंगणात पंधरा-वीस माणसं उकिडवी बसलेली, आणि मी एकेकाचं पथ्य सांगायचो. तेल बंद, तिखट बंद, हळद बंद. उसाचा रस दोन वेळा. रसवंत्या बंद असतील तेव्हा ग्लुकोजचं पाणी. वरून गूळ-फुटाणे आणि ताक-भात. "लिवरले गोड पाह्यजे," हे माझं ठरलेलं वाक्य. कोणी परत येऊन म्हणाला की बरं वाटत नाही, की मी एकच विचारायचो, "भजे खाल्ले का नाही खाल्ले?" आमच्या भागात कोणी ना कोणी, कधी ना कधी भजं खाल्लेलं असतंच. तो मान खाली घालायचा आणि मी सुटायचो.

माझं स्वतःचं पोट मात्र शर्टाच्या दोन गुंड्यांमधून बाहेर डोकवायचं. रविवारची माणसं गेली की बायको वरणात तूप सोडता सोडता म्हणायची, "लोकाले पथ्य सांगता, अन् तुमाले कितवा लागला?" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मी म्हणायचो, खात्यापित्या घरचं आहे, दिसणारच.

आता बाईचं सांगतो. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझं न्हाणंधुणं, शाळेचा डबा, तापातल्या पट्ट्या, सगळं तिनं केलं. लग्न होऊन ती साखरखेर्ड्याला गेली, तेव्हा मी तिच्या जीपमागे वेशीपर्यंत रडत पळत गेलो होतो. घरची शेती, थोडा भाजीपाला, एक मुलगा, सून, नातवंडं असा तिचा संसार. अंगानं ती माझ्याच वळणाची. हातपाय काटकुळे आणि सगळं काही पोटावर. लुगड्याच्या निऱ्या खोचायलाही त्रास व्हायचा.

आणि पोटाची रड तर कायमचीच. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं, आंबट ढेकर सुरू व्हायचे. चार-चार दिवस पोट साफ नाही, आणि मग एखाद्या दिवशी सकाळपासून नुसत्या फेऱ्या. उशाशी पोट साफ करायचं चूर्ण, बटव्यात पित्ताच्या गोळ्या. लग्नकार्यात ती पंगतीतून मध्येच उठली की आम्ही हसायचो. तीही हसायची. पंधरा वर्षं आम्ही त्या पोटाला हसलो. गॅस हा काय आजार असतो का, असं मीच दहा वेळा म्हटलं असेन.

दोन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी ती सकाळच्या पहिल्या जीपनं आली. चालताना धाप लागत होती. अंगणातली माणसं जाईपर्यंत आत बसून राहिली आणि मग पदराच्या गाठीतून एक कागद काढला.

"भाऊ, तिकडच्या डाक्तरनं रक्त तपासलं. लिवरचं काईतरी वाढलं म्हन्ते. साखर बी वाढली थोडी. चिखलीले जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्या म्हन्ला."

मी कागद हातात घेतला. त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं, पण लिवर हा शब्द ऐकला आणि माझी छाती फुगली. सख्खी बहीण लिवरचं दुखणं घेऊन माझ्याकडे आली होती. याहून मोठा मान कोणता?

"सोनोग्राफी कायले पाह्यजे? लिवरचंच हाये ना? घरात औषध असताना चिखलीले काऊन जातं?"

"थो म्हने उशीर करू नोका."

"त्याले काय कळते? इकडं उजेडात ये. वर पाह्य."

मी तिची पापणी खाली ओढून पाहिली. पिवळट झाक दिसली. साठीच्या पुढच्या माणसाच्या डोळ्यात जरा मळकट पिवळेपणा असतोच, पण मला पाहायचं होतं तेच मी पाहिलं. हात धुतले, पाणी पिवळं झालं, माळ घातली. पथ्य सांगितलं. उसाचा रस सकाळ-संध्याकाळ.

तिनं विचारलं. हे मी विसरू शकत नाही, तिनं विचारलं होतं. "पन साखर वाढली म्हन्ते ना भाऊ. मंग रस चालते का?"

"ते दुकानातल्या साखरेनं वाढते. ऊस तं वावरात येते. वावरातलं कसं काय वाईट करन?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती "बरं" म्हणाली आणि कागद घडी करून परत पदरात बांधला. शाळा तिची चौथीपर्यंत, माझी बारावीपर्यंत. माझ्या बोलण्यावर तिनं कधी शंका घेतली नव्हती, त्या दिवशी घेतली तीही अर्धीच.

माळ छातीपर्यंत उतरली. बरं वाटत नाही म्हणाली, म्हणून मी दुसरी घातली. तिला तहान फार लागायची, सारखं लघवीला जावं लागायचं. मी म्हटलं गरमी निघून राह्यली, चांगलं हाये. गावच्या रसवंतीवर तिचं खातंच होतं म्हणे. दिवसाला दोन मोठे गिलास, बरफ न टाकता, मी सांगितलं होतं तसे. पाऊस लागून रसवंती बंद झाली तशी ती ग्लुकोजवर आली.

जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत ती अंगणात चक्कर येऊन पडली. पाय सुजले होते. भाच्यानं तिला परस्पर चिखलीला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा सोनोग्राफी झाली होती, रक्त तपासणीला गेलं होतं आणि भाचा औषधं आणायला खाली गेला होता. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं आम्हा दोघा बहीण-भावांना समोर बसवलं.

लिव्हरवर चरबी साचली आहे, म्हणाली, आणि नुसती साचून थांबलेली नाही, लिव्हर कडक व्हायला लागलंय. किती कडक ते बघायला संभाजीनगरला एक तपासणी करावी लागेल. पुढचं कडक होणं थांबवता येतं; झालंय ते सगळंच मागे येईल याची खात्री देत नाही.

"पन म्या तं कधी दारूचा थेंब बी घेतला नाही," बाई कळवळून म्हणाली.

"दारूशिवायही होतं, मावशी," डॉक्टर म्हणाली. बोलायला घाईची होती, पण समजावून सांगायचा कंटाळा करत नव्हती. पोटावरची चरबी गप्प पडून राहत नाही, म्हणाली. ती भरून गेली की तिच्यातच दाह सुरू होतो, आणि तिच्यात न मावणारी चरबी रक्तातून लिव्हरकडे जायला लागते. दुसरीकडे आतडं. तुमचं पोट इतकी वर्षं बिघडलेलं आहे. आतड्याचं आतलं अस्तर नीट राहिलं नाही, आतल्या जंतूंचा तोल गेला, की त्यांचं विष आत झिरपतं. आतड्यातलं रक्त आधी थेट लिव्हरलाच जातं, म्हणजे ते विषही पहिलं तिथेच पोचतं. एका बाजूनं चरबी, दुसऱ्या बाजूनं विष, आणि मधे लिव्हर. त्यात गोड पडलं की लिव्हर त्याचीही चरबीच करतं. "गोड एकदम बंद करायचं," ती म्हणाली. "फळांचा रस, उसाचा रस तर विषासारखा."

मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. त्या पोटाला मी पंधरा वर्षं हसलो होतो, आणि त्याच पोटातून रोग वर चढत होता. मी आग विझवायला म्हणून दिवसाला दोन गिलास ओतले होते, आणि ते रॉकेल होतं.

मग डॉक्टरनं जुना कागद पाहिला. फेब्रुवारीतला. "तेव्हाच सोनोग्राफी सांगितली होती की. चार महिने काय केलं? कुठे दाखवलं? काही गावठी औषध वगैरे?"

मी तोंड उघडायला हवं होतं. मी पुढच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो. बाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नाही वं माय. काईच नाही केलं. घरीच होती. वावराचे कामं होते."

"तुम्ही लोक ऐकतच नाही," डॉक्टर चिडून म्हणाली आणि बाईला चांगलं दहा मिनिटं झापलं. अगदी मी झापायचो तसं. बाईनं मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं. मी शेजारी बसलो होतो, सख्खा भाऊ, हाडामांसाचा. मला लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्याही आधी सुटका वाटली. ती सुटका मला आज लाजेपेक्षा जास्त लागते.

निघताना डॉक्टरनं माझ्या शर्टाकडे बोट केलं. "काका, तुमचंही एकदा बघून घ्या. घरात चालत येतं हे."

मी बघून घेतलं. चिखलीत सगळे ओळखीचे, म्हणून बुलढाण्याला गेलो. तिथंही तोंडाला रुमाल बांधून बसलो, धुळीची ॲलर्जी असल्यासारखा. काविळीवाला लिवर दाखवायला आला, हे कोणी पाहिलं तर काय राहिलं? माझ्याही लिव्हरवर चरबी निघाली, पण अजून कडक झालेलं नव्हतं. वजन उतरवा, गोड सोडा, रोज चाला, एवढ्यावर भागलं. मी चहा बिनसाखरेचा केला. बुंदी, शिरा, गुळाची पोळी सगळं सोडलं. पहाटे कॅनॉलच्या कडेनं चालायला लागलो. दिवाळीपर्यंत शर्टाच्या गुंड्या बसायला लागल्या आणि जुना पट्टा दोन भोकं आत आला. आरशात बघून मी खूशही व्हायचो.

रविवार मात्र चालूच होता. बंद का केला म्हणून लोक विचारतील, मग काय सांगणार? मी आपली मधली वाट काढली. माळ घालायचो, हात धुवायचो, पण पथ्यातला रस आणि ग्लुकोज हळूच गाळून टाकलं. कोणी विचारलं, "रस नाही का प्याचा?" तर पुटपुटायचो, "जरा कमीच." कोणाच्या लक्षातही आलं नाही. याला मी तेव्हा शहाणपण समजत होतो.

बायकोच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "बाईले सांगतलं का तुमी? रसाचं चुकलं म्हनून?"

"डॉक्टरनं सांगतलं ना तिले. मी काऊन सांगू अजून?"

"डाक्तरचं येगळं अन् तुमचं येगळं."

"तू तुह्या भाकरीकडं पाह्य," मी खेकसलो. तिनं भाकरी तव्यावर टाकली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाईचा फोन यायचा तेव्हा मी पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, नातवाची शाळा असलं सगळं विचारायचो. गोळ्या घेते का, विचारायचो. "हाव, घेते ना," म्हणायची. साखर काही उतरत नाही, डॉक्टरनं गोळी वाढवली, असंही तिनं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, लागतो थोडा वेळ. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी एक जोडपं आलं. माणूस पन्नाशीचा, पोट पुढे, चेहरा थकलेला. बायको हातात पिशवी घेऊन. माझ्यापुढे बसल्या बसल्या तिनं सांगायला सुरुवात केली. नवऱ्याला लिव्हरची चरबी सांगितली आहे, गोळ्या चालू होत्या, त्या परवापासून बंद केल्या.

"बंद काऊन केल्या?" मी विचारलं.

"तुमच्याकडं याचं होतं म्हनून. दोन औषधं एका जागी नाही चालत म्हन्तात." मग तिनं हसून सांगितलं, "आमी साखरखेर्ड्याचेच. तुमच्या बहिनीनं पाठवलं. माह्यं लिवर माह्या भावानं वाचवलं म्हन्ते. साऱ्या गल्लीत सांगते."

त्या माणसाचे तळहात चोळणारा माझा हात थांबला. अंगणातली दहा-बारा माणसं कौतुकानं माझ्याकडे बघत होती.

"ती कशी हाये?" मी विचारलं. भावानं आपल्या बहिणीची खुशाली परक्या माणसाला विचारावी, अशी वेळ.

"चांगली हाये. थकते जराशी. पन तुमचं पथ्य लय कडक पाळते बा. रोज सकाळी उठली का ग्लुकोजच्या पान्याचा तांब्या. दुपारी गूळ-फुटाने. एक दिवस नाही चुकवत. आता रसवंती सुरू झाली का रस घेनार म्हने."

मला पहिल्यांदा ऐकू आलं ते नीट कळलंच नाही. मी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं, आणि वरून म्हणाली, "चहात साखर बी नाही टाकत. डाक्तरनं गोड बंद सांगतलं ते बी पाळते. पन ग्लुकोज तं औषध हाये ना, ते गोडात कुठं येते?"

जूनपासून दिवाळी. मी कॅनॉलच्या कडेनं चालत होतो, पट्टा आत घेत होतो, आणि ती रोज सकाळी तांब्याभर माझं पथ्य पीत होती. डॉक्टर गोळ्या वाढवत होती आणि बाई ऐकत नाही म्हणून चिडत होती. बाई तर सगळ्यांचंच ऐकत होती.

मी उठून उभा राहिलो. त्या माणसाला म्हणालो, "तुमी गोळ्या आजपासून परत सुरू करा. उद्या डॉक्टरकडं जा. माझ्याजवळ तुमच्या दुखण्याचं औषध नाही."

त्याची बायको गोंधळली. "पन तुमची बहीन तं..."

"ती बरी नाही झाली. माझ्या औषधानं तिचं वाढलं. ती माझ्यासाठी खोटं सांगते."

हे मी मोठ्यानं बोललो, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. धाडस म्हणून नाही. हळू बोलायला गेलो असतो तर आवाज फुटला नसता. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "मंग आमाले इतके वर्षं काऊन देलं?" मी त्यांना गाठीचं सांगितलं, निवळीचं सांगितलं. परात उचलून माझेच हात चोळून दाखवले. कोणी हसलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती एकेक करून उठून गेली, आणि काही जण जाताना सवयीनं पाया पडून गेले.

मी तशीच मोटारसायकल काढली आणि साखरखेर्ड्याला निघालो. बाई पडवीत सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. मला अवचित पाहून तिचं तोंड फुललं. उठायला लागली तर गुडघ्यावर हात ठेवून दोनदा जोर करावा लागला. घोटे सुजलेले दिसत होते. मी तिला खाली बसवलं आणि समोर बसलो.

"बाई, तू ग्लुकोज पिते का अजून?"

"हाव ना. एक दिवस नाही चुकवला."

"सोड ते. आजपासून थेंब बी नाही. रस नाही, गूळ नाही, काईच नाही. ते म्या चुकीचं सांगतलं होतं. त्यानंच तुह्यं वाढलं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "असं कसं म्हन्तं? बाबाची विद्या हाये ते."

"विद्या नाही. गाठ ढिली मारतात म्हनून माळ लांबते. ते पिवळं पानी कोनाचंही होते. माह्यंही झालं होतं."

तिनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, फोलपट बाजूला टाकलं. मला वाटलं ती रडेल किंवा मला हाकलून देईल. मी दोन्हींची तयारी करून आलो होतो.

"रसाचं हे तुले कवा समजलं?" तिनं विचारलं.

खोटं बोलायची संधी होती. परवा समजलं म्हटलं असतं तर तिनं मान्य केलं असतं. मी म्हणालो, "त्याच दिवशी. दवाखान्यात. तू माह्यं नाव लपवलं तवा."

तिनं बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन, कार्तिक. अंगठा करंगळीपासून एकेका पेरावर सरकत गेला आणि पाचव्यावर थांबला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यात, म्हणून मला ते पाहवेना.

"डाक्तरनीनं बी सांगतलं, पोरानं बी सांगतलं, सुनंनं तं डब्बाच लपवून ठुला होता," ती म्हणाली. "म्या म्हन्लं, भाऊ सोड म्हनन तवाच सोडीन. तुह्या फोनची वाट पाहून राह्यली होती मी."